किनाऱ्याला रुंदी हवी



पावसाळ्यातले पहिले मोठे उधाण येऊन गेले की कोकणातल्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी छापून येते. अमुक गावात समुद्राचे पाणी वस्तीत शिरले, माडांची रांग उन्मळून पडली, रस्ता खचला, आणि शेवटच्या ओळीत ग्रामस्थांनी धूपप्रतिबंधक बंधारा बांधून देण्याची मागणी केली. ही मागणी करणाऱ्यांना नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. ज्याच्या अंगणात लाट येते, त्याने दगड मागितला तर त्यात गैर काय? पण या मागणीमागे एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि ती तपासून पाहायला हवी. जमीन आणि समुद्र यांच्यामध्ये एक रेघ असते, ती भक्कम केली की जमीन वाचते, असे आपण धरून चालतो. माझे आजचे प्रतिपादन असे, की किनारा रेघेने राखला जात नाही, तो रुंदीने राखला जातो. वाळूचा, चिखलाचा, झाडोऱ्याचा जो पट्टा लाटेची ताकद हळूहळू जिरवतो तोच खरा संरक्षक. तो पट्टा टिकवणे म्हणजे ज्याला आज निसर्गाधारित उपाय म्हणतात ते. या उपायांच्या बाजूने मी बोलणार आहे, पण ते फुकट मिळतात किंवा सगळीकडे लागू पडतात असे मी म्हणणार नाही. तसे सांगणाऱ्यांनी या विचाराचे बरेच नुकसान केले आहे.

आधी वाळूचा किनारा कसा चालतो ते पाहू. कोकणचा किनारा सलग नाही. डोंगराचे सोंडे समुद्रात घुसतात आणि दोन सोंड्यांच्या मध्ये पुळण पसरते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उंच, दाट लाटा या पुळणीवरची वाळू ओढून थोड्या अंतरावर समुद्रातच तिचा उंचवटा करतात. त्या उंचवट्यावर पुढच्या लाटा आधीच फुटतात आणि किनाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचा जोर ओसरतो. पावसाळा सरला की शांत, लांब लाटा हीच वाळू पुन्हा काठावर आणून टाकतात. पुळणीच्या मागे वाऱ्याने साठलेले टिब्बे ही या व्यवहारातली शिल्लक. एखाद्या वर्षी वादळ मोठे आले तर समुद्र या शिलकेतून उचल घेतो आणि पुढच्या काही हंगामांत ती फेडतो. टिब्ब्यावर पसरलेली मर्यादवेल, तिच्या मागचा केवडा, त्याही मागची उंडी, ही झाडे ती वाळू धरून ठेवतात. जुलैमध्ये किनारा वीस पावले आत आलेला दिसला म्हणजे तो कायमचा गेला असे नसते. जानेवारीत तिथेच पुन्हा पाहावे लागते. खरी धूप त्या वेळी सुरू होते, जेव्हा शिल्लकच संपते: टिब्बे सपाट करून तिथे रिसॉर्ट, रस्ते आणि वाहनतळ होतात, खाडीच्या तोंडातली रेती सक्शन पंपाने उपसली जाते, आणि नद्यांवरची धरणे वरून येणारा गाळ अडवून धरतात.

आता या व्यवहारात दगडी बंधारा घातला की काय होते? लाट पुळणीवर पसरून जिरत असते, ती बंधाऱ्यावर आपटून उलट फिरते. उलट फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. पायथा खोल होतो, तिथे पाण्याची उंची वाढते आणि पुढची लाट आधीपेक्षा मोठी येऊन आदळते. काही वर्षांत पायथ्याचे दगड घसरू लागतात, वरचे त्यांच्यावर कोसळतात आणि बंधाऱ्याची उंची कमी होते. मग वर आणखी दगड किंवा टेट्रापॉड टाकायचे. बंधारा जिथे संपतो तिथली अडचण वेगळी. तिथे लाटेचा वळलेला जोर शेजारच्या मोकळ्या वाळूवर पडतो आणि पुढच्या वाडीचा किनारा कुरतडला जातो. वर्षभरात त्या वाडीचाही अर्ज येतो. बंधाऱ्यामागची शिल्लक वाळू तर समुद्राला मिळतच नाही, त्यामुळे पुढची पुळण आटत जाते. ज्यांना हे नुकसान शोभेचे वाटते त्यांनी सिंधुदुर्गातल्या रापणकरांना विचारावे. रापण ओढायला पुळण लागते, होडी लावायला आणि मासळी वाळत घालायलाही पुळणच लागते. गाव वाचवायला घातलेल्या दगडांनी गावाचा धंदा गेला तर वाचवले काय?

केरळकडे बोट दाखवणे इथे सोपे आहे. तिथल्या सुमारे 590 किलोमीटर किनाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास लांबीवर गेल्या काही दशकांत दगडी भिंती झाल्या. तरीही राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातील किनारारेषेचा जो अभ्यास केला, त्यात केरळचा सुमारे 46 टक्के किनारा धूप होणारा निघाला. देशाचा आकडा सुमारे 34 टक्के, महाराष्ट्राचा 25 टक्क्यांच्या आसपास. मात्र या आकड्यांवरून भिंतींमुळेच धूप झाली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. भिंत मुळात धूप असेल तिथेच बांधतात, तेव्हा कारण कुठले आणि परिणाम कुठला हे एका टक्केवारीतून सुटत नाही. यातून एवढे नक्की निघते की इतक्या भिंती घालूनही धुपीचा प्रश्न संपला नाही. उत्तर अधिक नेमकेपणाने पुदुच्चेरीत मिळते. तिथे 1980च्या दशकाच्या अखेरीस बंदराचे लाटरोधक धक्के समुद्रात गेले. त्या किनाऱ्यावर वाळूचा प्रवास वर्षाकाठी दक्षिणेकडून उत्तरेकडे होतो. धक्क्याने तो अडवला, वाळू दक्षिणेला साचली आणि उत्तरेला शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. तिच्या जागी दगडांचे ढीग आले. पुढे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने शहरासमोर पाण्याखाली एक बुडीत अडथळा घातला, त्याच्या आडोशाने वाळू भरण्याची व्यवस्था केली आणि काही भागात पुळण परतली. अडथळा पोलादाचा होता, म्हणजे हा उपाय निव्वळ निसर्गाचा नव्हे. त्याचे तत्त्व मात्र रुंदीचे होते: लाटेला काठावर थोपवण्याऐवजी आधीच मंद करा आणि वाळूला थांबायला जागा द्या.

समुद्राशी भिंतीने लढण्यात नेदरलँड्सइतका अनुभव जगात कोणाला नाही. 1953च्या पुरात तिथे 1,836 माणसे दगावली आणि त्यानंतर त्या देशाने अभियांत्रिकीचे अचाट प्रकल्प उभारले. त्याच देशाने 1990 पासून वाळूच्या किनाऱ्यासाठी धोरण बदलले. जिथे किनारा मागे हटतो तिथे समुद्रतळावरची वाळू आणून घालायची, आणि ती दरवर्षी घालायची. 2011 मध्ये हेगजवळ एकाच ठिकाणी 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळूचा एक कृत्रिम द्वीपकल्प तयार केला. ती वाळू लाटा आणि प्रवाह पुढच्या वीस वर्षांत शेजारच्या किनाऱ्यावर वाटून देतील, असा त्यामागचा हिशेब. काही वर्षांनी हॉन्ड्सबॉस या जुन्या, नामांकित समुद्रभिंतीपुढेही वाळू टाकून नवे टिब्बे आणि पुळण तयार करण्यात आली. ‘त्यांच्याकडे पैसा आहे, उत्तर समुद्राच्या तळाशी वाळू आहे, आपल्याकडे काय?’ हा आक्षेप खरा आहे. आपल्याला डच नमुना उचलता येणार नाही. पण आपली गरजही तेवढी नाही. सोंड्यांच्या मधल्या कोकणी पुळणीतली वाळू फार दूर जात नाही, ती बहुतांशी त्याच खोबणीत फिरत राहते. बाहेरून वाळू आणण्यापेक्षा असलेली बाहेर नेऊ न देणे हा आपल्यासाठी पहिला आणि स्वस्त उपाय आहे. रेती उपशाला एका खात्याने परवाना द्यायचा आणि दुसऱ्या खात्याने त्याच खाडीच्या तोंडाशी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे अंदाजपत्रक करायचे, यात शासनाचा पैसा दोनदा जातो.

खाडीकाठ आणि चिखलाच्या किनाऱ्यावर हेच काम कांदळवन करते. तिवराची जमिनीतून वर आलेली हजारो श्वसनमुळे आणि कांदळाच्या कमानदार आधारमुळ्या पाण्याच्या वाटेत घर्षण निर्माण करतात आणि गाळ धरतात. किती? निरनिराळ्या ठिकाणची मोजमापे एकत्र करून पाहिली तर शंभर मीटर रुंदीचे कांदळवन लाटेची उंची 13 ते 66 टक्क्यांनी घटवते असे दिसते. वादळी उधाणाची गोष्ट वेगळी. ती लाट नसते, समुद्राची पातळीच फुगून आत येते. तिथे एक किलोमीटर रुंदीच्या कांदळवनामागे पाण्याची उंची 5 ते 50 सेंटिमीटर घटते. या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवावा. रोजच्या लाटांना शंभर मीटर पुरतात, चक्रीवादळाला किलोमीटर लागतात. रस्त्याच्या कडेला दोन रांगा तिवरे राखून वादळापासून संरक्षण मिळवल्याचा दावा म्हणूनच पोकळ आहे.

पुराव्याबद्दल जाणकारांत वादही झाले आहेत. 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत झाडांमागची गावे कमी उद्ध्वस्त झाली असे काही संशोधकांनी मांडले. त्यावर इतरांनी विचारले की ती गावे समुद्रापासून अधिक लांब आणि अधिक उंचावर नव्हती का? प्रश्न योग्य होता. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यावरचा सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांचा 2009चा अभ्यास महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच. 29 ऑक्टोबर 1999च्या महाचक्रीवादळात चारशेहून अधिक गावांतले मृत्यू त्यांनी तपासले. गावाचे समुद्रापासूनचे अंतर, उंची, लोकांची आर्थिक स्थिती हे सगळे हिशेबात घेऊनही, ज्या गावांसमोर कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे मृत्यू कमी झालेले आढळले. त्याच अभ्यासाने हेही नोंदवले, की धोक्याची आगाऊ सूचना देऊन लोकांना हलवल्याने याहून अधिक जीव वाचले. निसर्गाच्या बाजूने बोलणारे हे दुसरे वाक्य सहसा गाळतात. ते गाळू नये. कांदळवन हा निवारा केंद्राला आणि हवामान खात्याच्या इशाऱ्याला पर्याय नाही, तो त्यांच्या जोडीचा आहे.

मग झाडे लावत सुटावे का? इथेच निसर्गाधारित उपाय सरकारी कार्यक्रमात रूपांतरित होतो आणि फसतो. फिलिपाइन्सने कांदळ लावण्यावर प्रचंड खर्च केला. 2008मध्ये त्याचा आढावा घेतला गेला तेव्हा जगलेली रोपे 10 ते 20 टक्केच निघाली, कारण सोपी जात निवडली होती आणि ती भरतीचे पाणी सतत उभे राहील अशा खालच्या, मोकळ्या जागेत लावली होती. जिथे तिवरे उगवत नव्हती तिथे न उगवण्याला कारण होते, ते कोणी पाहिले नाही. बहुतेक ठिकाणी भरावाखाली दबलेला ओढा मोकळा केला, भरतीचे पाणी पुन्हा फिरू दिले, तर बियाणे पाण्यासोबत येते आणि वन आपले आपण उभे राहते. इंडोनेशियातल्या देमाक किनाऱ्यावर बांबू-फांद्यांचे झिरपते कुंपण घालून गाळ साठवण्याचा प्रयोग झाला. गाळ काही ठिकाणी साठलाही, पण भूजल उपशामुळे जमीनच खचत होती आणि साठलेले पुन्हा पाण्याखाली जाऊ लागले. आपल्याकडे टिब्ब्यांवर सुरूची बने लावली गेली. सुरू वाढतो भरभर, सावलीही बरी, पण त्याच्या दाट सुयांखाली मर्यादवेलीसारखी वाळू बांधणारी झाडे तग धरत नाहीत. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धनच्या आसपास निसर्ग चक्रीवादळ धडकले तेव्हा माड-पोफळींच्या बागांबरोबर सुरूचीही असंख्य झाडे आडवी झाली. समुद्राकाठी हिरवे काहीतरी उभे असणे आणि किनारा सुरक्षित असणे या भिन्न गोष्टी आहेत.

मला सर्वांत जास्त वेळ घ्यायचा आहे तो राखणीच्या प्रश्नावर, कारण या विषयावरच्या चर्चेत तो सर्वांत कमी येतो. कोकण आणि गोव्याच्या माणसाने खाडीशी शतकानुशतके जो करार केला होता, तो खारबंदिस्तीचा. खाडीकाठी चिकणमातीचा बांध, त्याला बाहेरून दगडांचे पिचिंग, बांधाबाहेर तिवरांचा पट्टा आणि आत भातखाचरे. बांधात उघाडी असते. तिची झडप भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने उघडते. बाहेरची तिवरे लाट मंद करतात म्हणून मातीचा बांध टिकतो, बांध टिकतो म्हणून भात पिकते. पण या बांधाला खेकडे बिळे पाडतात. बीळ लक्षात आले नाही तर त्यातून पाणी झिरपते, पुढच्या उधाणाला तिथे खांड पडते, खारे पाणी आत शिरते आणि मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-तीन पावसाळे शेत हातचे जाते. म्हणून बांधावरून कोणीतरी चालावे लागते, बीळ दिसले की त्याच दिवशी चिखल भरावा लागतो. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री जमिनींच्या व्यवस्थेत ही जबाबदारी वाटून दिलेली होती. गोव्यात खाजणांची, म्हणजे तिथल्या खारजमिनींची, देखरेख गावकरी संस्था करत, आणि मानशीवरच्या, म्हणजे उघाडीवरच्या, मासेमारीच्या लिलावातून बांधांच्या डागडुजीला पैसा उभा राही.

ही व्यवस्था कशी मोडली ते पाहिले की आजचा प्रश्न कळतो. मुंबई राज्याने 1948मध्ये खारजमिनींचा कायदा केला, महाराष्ट्राने 1979मध्ये खारजमीन विकास कायदा आणला आणि बांधांची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे जात राहिली. हेतू चांगला होता. पण बीळ त्याच दिवशी बुजवण्याचे काम निविदेने होत नाही. गोव्यात 1964च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला न्याय मिळाला. खाजणांची राखण मात्र नव्या कूळसंघांकडे आली आणि त्यांना ती सर्वत्र पेलली नाही. पुढे भातापेक्षा मानशीवरची मासळी अधिक पैसा देऊ लागली, तेव्हा काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाऊ लागले. रायगडमध्ये अलिबाग तालुक्यात खांडी वर्षानुवर्षे न बुजल्याने गावेच्या गावे हैराण झाली, गणेशपट्टी तर ओस पडले. आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यात तिवरे उगवली. मग शेतकऱ्याला सांगण्यात आले, की आता हे कांदळवन आहे, त्याला हात लावता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005मध्ये अंतरिम आदेशाने आणि 17 सप्टेंबर 2018च्या निकालाने कांदळवन तोडीवर जी बंदी घातली, तिच्यामुळे मुंबई-ठाण्याची उरलीसुरली खाडी वाचली, हे मी निःसंशय मानतो. पण सरकारी हलगर्जीपणाने बुडालेल्या भातशेतात उगवलेले तिवर आणि बांधाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले तिवर यांना एकाच मापाने मोजल्यावर शेतकरी झाडाचा वैरी झाला तर दोष त्याचा नाही. त्याला बांध दुरुस्त करून द्यावा, नाहीतर गेलेल्या पिकाचा रास्त मोबदला द्यावा. किनाऱ्याच्या संरक्षणाचा खर्च किनाऱ्यावरच्या सर्वांत गरीब माणसाच्या सातबाऱ्यावर टाकून कोणताही निसर्गाधारित उपाय टिकणार नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप जागेचा. मुंबईत, किंवा कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागेत, रुंदी आणायची कोठून? देवबागेला बंधारा नको असे तिथल्या माणसाच्या तोंडावर सांगण्याचा मला अधिकार नाही. जिथे घर आणि लाट यांच्यात पुळणच उरली नाही तिथे दगड लागेल, निदान काही काळ. पण त्या अपवादाचा नियम करू नये. राज्याच्या किनाऱ्यावर आजही मोकळ्या पुळणी, टिब्बे आणि 2021च्या वन सर्वेक्षणानुसार सुमारे 324 चौरस किलोमीटर कांदळवन आहे. मुंबईचे बोलायचे तर रुंदी नव्हती असे नाही, आपण ती भरून टाकली. मिठी नदीच्या मुखाशी भराव घातला, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. आजही एकेका प्रकल्पासाठी तिवरे तोडायला परवानगी मिळते. 2022मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार झाडांची मिळाली. बदल्यात दुसरीकडे रोपे लावण्याची अट असते. पण लाटेला अडवणारे झाड ज्या खाडीत तोडले, त्या खाडीमागच्या वस्तीला दुसऱ्या तालुक्यातल्या रोपांचा उपयोग काय?

निसर्गाची स्वतःची मर्यादाही सांगितली पाहिजे. 1901 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि 2006 ते 2018 या वर्षांत वाढीचा वेग दरसाल 3.7 मिलिमीटरवर गेला. कांदळवन गाळ साठवत स्वतःची जमीन उंचावते, त्यामुळे आजच्या वेगाशी ते बरोबरी करू शकते. वेग वर्षाला 6-7 मिलिमीटरपलीकडे गेला तर ते मागे पडेल, असे भूतकाळातल्या कांदळवनांच्या नोंदी सुचवतात. मागे पडले तरी ते जमिनीकडे सरकू शकते, पण मागे रस्ता, भिंत किंवा इमारत नसेल तरच. 1991पासूनच्या किनारा नियमन अधिसूचनेतील ना-विकास क्षेत्राचा खरा उपयोग हा आहे. 2019च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ते 200 मीटरवरून 50 मीटरवर आणले. गावठाणातल्या माणसाला घर दुरुस्त करायला मोकळीक हवी होती, हे मान्य. पण त्याच दारातून हॉटेलांना वाट मिळाली, तर पुढच्या पन्नास वर्षांत समुद्राला सरकायला लागणारी जागा आपण आत्ताच विकून टाकतो आहोत.

किनाऱ्यावरच्या तालुक्यांतून आलेले श्रोते इथे बरेच आहेत. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा पुढचा प्रस्ताव आपल्या ग्रामसभेत येईल तेव्हा त्याला सरसकट विरोध करू नका. या पुळणीला वाळू कोठून येते आणि ती कोण नेतो, हे मात्र विचारा. बंधारा जिथे संपेल तिथल्या वाडीचे काय होणार, हे लेखी मागा. खाडीकाठचा प्रस्ताव असेल तर बांधावरून रोज चालणाऱ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकाच्या कोणत्या ओळीत आहे, हेही विचारा. ती ओळ नसेल तर प्रस्ताव परत पाठवा.